प्रश्न मधोमध, विषय भोवती

लेखमाला : पदवी कशासाठी? – भाग 6

मागच्या आठवड्यात आपण नव्या शैक्षणिक धोरणातली मुख्य विषय आणि दुय्यम विषय यांची मांडणी पाहिली. या मांडणीमुळे जे नवे विषय पदवीच्या यादीत येऊ पाहत आहेत, त्यांत ‘शाश्वतता’ हा सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा आहे. 1987 साली ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे ठेवली. 2006 साली अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्य विद्यापीठाने शाश्वततेसाठी स्वतंत्र विद्याशाखाच काढली. आज आपल्याकडच्या खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांतही हे नाव दिसते. ‘यात नेमके शिकवतात काय? थोडे विज्ञान, थोडे अर्थशास्त्र, थोडा कायदा, मग हाती काय उरते?’ ही पालकांची शंका रास्तच आहे. निरनिराळ्या विषयांचे पेपर एकाखाली एक लावले की हाती खरोखरच काही उरत नाही. पण एखाद्या भूभागाचा खरा प्रश्न मधोमध ठेवला आणि तो सुटण्यासाठी लागतील ते विषय त्याच्याभोवती आणले, तर याच अभ्यासाला बूड येते. आणि असा प्रश्न हाताशी असण्याच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या कॉलेजांपेक्षा अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याचे कॉलेज काकणभर सरस ठरते.

नुसते पेपर जोडल्याने काय होते, याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 2004 साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. आठ घटक आणि 50 तासिका असा त्याचा आराखडा होता, आणि त्या 50 पैकी प्रत्यक्ष पाहणीला दिलेल्या तासिका पाच होत्या. हेतूत खोट नव्हती. पण कला शाखेची मुलगी आणि वाणिज्य शाखेचा मुलगा दोघेही तीच ओझोनची थर-कथा आणि तेच जैवविविधतेचे प्रकार पाठ करून मोकळे होऊ लागले. हा पेपर मुख्य विषयाशी कुठेच भिडत नव्हता. वाणिज्यच्या हिशेबात पाणी आले नाही आणि राज्यशास्त्राच्या पेपरात पाटबंधारे आले नाहीत. विषय सक्तीचा झाला, पण शेजारच्या विषयांशी त्याची ओळख झाली नाही. शाश्वततेची पदवी याच वळणावर गेली, तर एका पेपरची जी गत झाली ती तीन-चार वर्षांच्या पदवीची होईल.

आता तेल्हारा तालुका पाहू. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, वारी भैरवगडजवळ वान नदीवरचे धरण आणि त्यामागे मेळघाटचे जंगल. हिवरखेड-अडगावच्या पट्ट्यात विहिरींना गोडे पाणी लागते, त्यामुळे केळी, संत्रा, पानमळे, पानपिंपळी अशी पाण्यावरची पिके तिथे उभी राहिली. तिथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे निघाले की थोड्याच अंतरात चित्र पालटते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटर पसरलेला हा पट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड गाळ साचलेला आहे. त्यात मुरलेले मीठ वाहून जाईल इतका निचरा नाही, आणि पाऊसही बेताचा. म्हणून बोअर कितीही खोल नेला तरी पाणी खारेच लागते. पऱ्हाटी, तूर, ज्वारी पावसावर आणि हरभरा जमिनीच्या ओलीवर, अशी तिथली शेती. गोड्या आणि खाऱ्या पाण्याची दोन जगे एकाच तालुक्यात, एकाच पंचायत समितीच्या हद्दीत नांदतात. अभ्यासासाठी अशी तुलना सहसा शोधून सापडत नाही.

या पट्ट्यातल्या एका विहिरीचे बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत आणले, असे धरू. पहिली तपासणी विद्युतवाहकतेची. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते. सिंचनासाठी मीटरला 0.7 डेसिसायमन्सपर्यंतचे पाणी निर्धोक मानतात आणि 3 च्या वर गेले की त्याच्या वापरावर कडक बंधने येतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 500 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार इष्ट मानते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेते. पण आकडा हाती आल्यावर रसायनशास्त्राचे खरे काम सुरू होते. क्षार किती यापेक्षा कोणते, हे जास्त महत्त्वाचे. सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी असलेले पाणी काळ्या मातीला दिले की सोडियम चिकणमातीच्या कणांवरचा कॅल्शियम हुसकावून त्याची जागा घेतो. कण सुटे होतात, मातीतली बारीक छिद्रे बुजतात, पाणी आत मुरत नाही आणि आतले बाहेर निघत नाही. पावसात चिखल, उन्हात दगड. हीच ती चोपण जमीन. तिच्यावर जिप्समचा उपाय सांगतात, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतो. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला गोडे पाणी आणि निचरा दोन्ही लागतात. म्हणजे रसायनशास्त्राने दिलेले उत्तर लगेच भूगोलाच्या आणि पाटबंधाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. उलट बाजूने पाहिले तर जी माती पाणी मुरू देत नाही, ती शेततळ्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे या पट्ट्यात बोअरपेक्षा शेततळे शहाणपणाचे ठरते. हा निष्कर्ष एकट्या रसायनशास्त्रज्ञाला किंवा एकट्या अभियंत्याला काढता येत नाही.

तीच बाटली आरोग्याच्या प्रश्नाकडेही नेते. खारपाणपट्ट्यातल्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षे आहे आणि गावकरी त्याचा दोष पाण्याला देतात. हा दोष सिद्ध करायचा असेल तर तक्रार पुरेशी नाही. फवारणीची औषधे, उन्हातले कष्ट, दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मधुमेह, रक्तदाब यांतले काय आणि पाण्याचे काय, हे वेगळे काढावे लागते. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि आंध्रातल्या उद्दानम भागातही शेतकरी-मजुरांमध्ये असाच आजार पसरला आहे, आणि बराच अभ्यास होऊनही तिथे एकच एक कारण ठामपणे बोट ठेवून सांगता आलेले नाही. तेल्हाऱ्यात गोड्या पाण्याची आणि खाऱ्या पाण्याची गावे शेजारी आहेत. पिके काही वेगळी असली तरी हवा, बाजारपेठ आणि बोली एकच. घरोघर जाऊन नीट विचारायला समाजशास्त्र लागते, आकड्यांतून अर्थ काढायला संख्याशास्त्र, आणि ‘एकत्र दिसले म्हणजे कारण झाले’ असे न मानण्याची शिस्त दोन्हीकडे लागते. ही शिस्त पदवीच्या वयात अंगी बाणली पाहिजे.

मग येतो वाटपाचा प्रश्न. वान धरण, म्हणजे हनुमान सागर, सुमारे 82 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचे. तेल्हारा तालुक्यातल्या शेतीला त्यावरून सिंचन, अकोट शहराला आणि 84 खेडी योजनेसह अनेक नळयोजनांना त्यातूनच पाणी. काही वर्षांपूर्वी बाळापूर भागातल्या 69 गावांच्या योजनेसाठी याच धरणात पाणी राखून ठेवण्याचा निर्णय झाला आणि तेल्हाऱ्यातले शेतकरी विरोधात उतरले. इथे खलनायक शोधणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. खारपाणपट्ट्यातल्या गावाला पिण्याचे गोडे पाणी हवे, हे खरे. लाभक्षेत्रातल्या ज्या शेतकऱ्याने पाटाच्या भरवशावर पीकपद्धती बसवली, त्याचे पाणी कमी होणार, हेही खरे. राज्याच्या जलनीतीत पिण्याला पहिला अग्रक्रम आहे, आणि 2011 पासून शेतीला उद्योगाच्या वरचे स्थान आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि पाणी वापर संस्थांचा कायदा, दोन्ही 2005 चे. पण कायद्यातला अग्रक्रम हिशेब मांडून देत नाही. बाष्पीभवनात किती जाते, पाटचऱ्यांतून किती गळते, शहराच्या जलवाहिनीत किती मुरते, ठिबकने किती वाचेल आणि ठिबकचा खर्च कोण सोसेल, हे मांडल्याशिवाय वाटाघाट होत नाही, नुसती घोषणाबाजी होते. अकोला-खंडवा रेल्वेचे रुंदीकरण मेळघाटातून की हिवरखेडकडून, हा वादही याच जातीचा. वाघ, प्रवासी, आदिवासी गावे आणि बाजारपेठ यांचा विचार एकाच टेबलावर करणारी माणसे लागतात.

अशी सांगड प्रत्यक्षात बसते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 2018 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात 5,142 गावे घेतली होती. त्यांत खारपाणपट्ट्यातली 932. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने बसवून दिली. पाऊस, मातीचा प्रकार, उतार आणि पीक यांवरून वाहून जाणारे, मुरणारे आणि पिकाला कमी पडणारे पाणी काढायचे, आणि त्यावर गावाने नियोजन करायचे. आयआयटीत हे काम करू शकणारा विभाग होता, कारण ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र तिथे 1985 पासून चालू आहे. त्या केंद्राने विद्यार्थ्यांना प्रश्न गावातून घ्यायला लावला आणि साधने विषयांतून.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप असा : सगळ्यातले थोडे शिकलेला माणूस कशातच पारंगत होत नाही. आक्षेपात दम आहे. चिकणमातीचे रसायन ज्याला खोलात कळत नाही, त्याने चोपण जमिनीवर सल्ला देऊ नये. म्हणून या पदवीची रचना करताना प्रत्येक विद्यार्थ्याचा एक कणा-विषय ठरलेला असावा. कुणाचा रसायनशास्त्र, कुणाचा अर्थशास्त्र, कुणाचा भूगोल. त्या विषयाला निम्म्याहून अधिक वेळ मिळावा. उरलेल्या वेळात इतर विषयांची भाषा समजण्याइतकी तयारी, आणि दरवर्षी निरनिराळ्या कण्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून एकाच गावावर केलेले काम. सगळे जाणणारा माणूस घडवण्याचा दावा कोणी करू नये. आपल्याला काय येत नाही आणि ते कोणाला विचारायचे, हे नेमके जाणणारा पदवीधर मिळाला तरी पुष्कळ झाले.

दुसरा आक्षेप पोटाचा : नोकरी कुठे? भांडवली बाजार नियामक ‘सेबी’ने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हा शहरात काही जागा निघतात. पण तेल्हाऱ्याच्या मुलाला केवळ त्या आशेवर या पदवीला घालणे बरोबर नाही. पाणलोटाची कामे, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायतीचे विकास आराखडे, पाणीपुरवठा योजनांची देखभाल, बँकांचे शेतीकर्ज, पीकविमा या सगळ्यांत मोजणारी आणि लिहिणारी माणसे लागतात. तिथे पगार मोठे नाहीत आणि बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कणा-विषय पक्का असेल तर त्या विषयाची एमएस्सी, एमए, स्पर्धा परीक्षा, बीएड या वाटा बंद होत नाहीत. कणा नसलेली पदवी मात्र माहितीपत्रकात कितीही देखणी असो, घेऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड : शिकवणार कोण? तालुक्याच्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, अनेकजण तासिका तत्त्वावर. एका विषयाला माणूस मिळत नाही तिथे पाच विषयांचा मेळ कोण घालणार? याचे उत्तर नवा विभाग उघडण्यात नाही. तेल्हाऱ्यात डॉ. गोपाळराव खेडकर महाविद्यालय आहे, अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहिरींची नोंद आहे, पाटबंधारे विभागाकडे धरणाची आवक-जावक आहे. नव्या धोरणात क्षेत्र प्रकल्प, कार्यानुभव आणि समाजसहभाग यांचे गुण आधीच ठेवलेले आहेत. आज ते गुण विखुरलेले जातात, प्रत्येक विभाग आपापली फाइल भरतो. तेच गुण तीन वर्षे एका नदीखोऱ्यावर खर्च केले तर पदवीचे नाव न बदलताही निम्मे काम होते. हे कृषी विद्यापीठाचे काम आहे, असे कोणी म्हणेल. संशोधन त्यांचेच. पण 932 गावांत दर हंगामाला विहिरीची पातळी मोजायला कृषी विद्यापीठ पुरे पडणार नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या मुलांना ते मोजता येणे यातच शाश्वतता आहे.

तेव्हा जूनमध्ये प्रवेश घेताना विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात. कणा-विषय कोणता आणि त्याला किती श्रेयांक आहेत? कोणत्या गावाचा किंवा नदीचा प्रश्न तीन वर्षे हाताळायला मिळेल? आणि मागच्या तुकडीने मोजलेले आकडे पाहायला मिळतील का? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमाल उत्तर आले तर प्रवेश घेऊ नका. तिसऱ्याला ‘अजून नाहीत, तुम्ही पहिली तुकडी’ असे उत्तर आले, तर मात्र घाबरू नका. पहिली नोंद कोणीतरी करावीच लागते.

(पुढील भागात : ग्रामीण कॉलेजांतील वाणिज्य शाखा आणि सहकारी संस्थांचे हिशेब)