नवा प्रिंटर घेताना : रूढ समज आणि वस्तुस्थिती

जून लागून प्रवेशअर्ज, उत्पन्नाचे दाखले, रहिवासाचे पुरावे यांची धांदल सुरू झाली, म्हणजे सोलापुरातल्या पुष्कळ घरांत वर्षभर कापडाखाली झाकून ठेवलेल्या प्रिंटरची आठवण होते. आणि तो नेमका त्याच वेळी कागद ओढण्यास नकार देतो किंवा मजकुराच्या जागी पांढरे पट्टे उमटवतो, तेव्हा नवे यंत्र घेण्याचा विषय घरात निघतो. अशा वेळी शेजारी, आप्त, कचेरीतले सहकारी आणि दुकानदार यांच्याकडून सल्ल्यांचा जो पुरवठा होतो, त्यात सद्भाव पुष्कळ असला, तरी त्यातील बरेचसे ज्ञान मागच्या पिढीच्या यंत्रांवर बेतलेले असते. माझ्या मते किंमत, कंपनीचे नाव आणि जाहिरातीतील आकडे यांच्या आधी आपल्या घरात छपाई किती वेळा होते, हे स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करावे. मग रूढ समजांची तपासणी करणे फारसे कठीण राहत नाही.

त्यांतला सर्वांत दृढमूल समज असा, की लेझर प्रिंटर घेताना महाग असला तरी पान स्वस्त पडते, आणि इंकजेट म्हणजे शाईच्या नावाने आयुष्यभर भरावयाचा दंड. एकेकाळी हे खरे होते. इंकजेट यंत्र अल्प किमतीला विकून नफा लहानशा कार्ट्रिजमधून काढावा, हा शिरस्ता कंपन्यांनी दीर्घकाळ पाळला, आणि दोनअडीचशे पानांत कोरडे पडणाऱ्या कार्ट्रिजचा अनुभव घेतलेल्या गृहस्थाने इंकजेटचे नाव टाकले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु एप्सनने २०१० साली इंडोनेशियात बाटलीने शाई भरण्याची टाकी असलेले यंत्र बाजारात आणले, पुढे ते भारतातही आले, कॅनन, एचपी आणि ब्रदर यांनीही तीच वाट धरली, आणि हिशेब पार उलटला. समजा, काळ्या शाईची बाटली ४५० रुपयांची असून तीत ४,५०० पाने निघतात, तर शाईचा खर्च पानामागे १० पैसे झाला. समजा, लेझरचे अस्सल टोनर ३,००० रुपयांचे असून ते १,५०० पाने देते, तर तोच खर्च २ रुपये झाला. पाचशे कागदांचे रीम ३०० रुपयांना धरल्यास प्रत्येक कागद ६० पैशांचा, म्हणजे टाकीच्या यंत्रात शाईपेक्षा कोरा कागदच महाग ठरतो, ही गोष्ट जुन्या अनुभवाने पोळलेल्या माणसाला खरी वाटत नाही.

वेष्टनावर छापलेल्या पानांच्या संख्येविषयीही थोडे तारतम्य ठेवावे. ही संख्या मनास येईल तशी लिहिलेली नसते; काळ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२ आणि रंगीत इंकजेट कार्ट्रिजसाठी आयएसओ २४७११ अशी मानके आहेत, आणि ठराविक नमुन्याची पाने सलग छापून ती मोजली जाते. नमुन्याच्या पानावर शाई विरळ असते. त्यामुळे मुलांच्या प्रकल्पासाठी पानभर चित्रे छापणाऱ्या घरात ती संख्या येत नाही म्हणून फसवणुकीची तक्रार करणे रास्त नव्हे. शिवाय नव्या लेझर यंत्रासोबत मिळणारे टोनर पुष्कळदा अर्धवट भरलेले असते, आणि टाकीच्या यंत्रात पहिल्या बाटल्यांतील काही शाई नळ्या भरण्यातच खर्ची पडते.

आता मोठ्या उत्साहाने सांगितला जाणारा बचतीचा मुद्दा. झेरॉक्सच्या दुकानात एका पानाला ५ रुपये पडतात आणि घरी शाई व कागद मिळून ७० पैसे, असे धरले, तर पानामागे ४ रुपये ३० पैसे वाचतात; १५,००० रुपयांचे यंत्र या बचतीतून वसूल होण्यास सुमारे ३,५०० पाने लागतील, आणि महिन्याला वीस पाने छापणाऱ्या कुटुंबाला तेथवर पोहोचण्यास साडेचौदा वर्षे. तोवर ते यंत्र टिकेल, अशी हमी कोणी देणार नाही. रात्री अकरा वाजता मुलाला आठवलेला प्रकल्प घरी छापता येणे, या सोयीचे मोल ज्याला वाटेल त्याने यंत्र जरूर घ्यावे; मात्र त्या खरेदीला बचत म्हणू नये.

तरीही क्वचित छपाई करणाऱ्या घराला मी बाटलीचे यंत्र घेण्याचा सल्ला देणार नाही, आणि याचे कारण सोलापूरच्या हवेत आहे. इंकजेटचे मर्म त्याच्या हेडमध्ये असते. केसाहूनही सूक्ष्म अशा शेकडो छिद्रांतून शाईचे थेंब फेकले जातात. कॅननच्या एका अभियंत्याच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली डाखणी शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली, उष्णतेने शाई उसळून बाहेर आली, आणि त्या अपघातातून बबलजेटची कल्पना निघाली, ही कथा प्रसिद्धच आहे. एप्सनच्या हेडमध्ये उष्णतेऐवजी विजेने आकुंचन-प्रसरण पावणारा स्फटिक हेच काम करतो. पद्धत कोणतीही असो, छिद्रातील शाई वाळली की हेड चोक होते. बहुतेक घरगुती इंकजेट यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान दिलेली असते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जाणे ही नित्याची बाब आहे. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत महिना-दोन महिने बंद पडून राहिलेल्या इंकजेटने पांढरे पट्टे काढले, तर नवल नाही.

त्यावर उपाय म्हणून पुनःपुन्हा क्लीनिंग चालवणे हा आणखी एक गैरसमज. त्या क्रियेत शाईच ओढून बाहेर टाकली जाते, आणि ती यंत्राच्या पोटातील शोषकात साठत जाते. शोषक भरला, की यंत्र छपाई थांबवून दुरुस्तीची मागणी करते. त्याहून आठवड्यातून एक रंगीत पान छापणे स्वस्त. काटकसरीच्या सवयीने आपण भिंतीवरचे बटण दाबून सारे बंद करतो, तीही सवय येथे नडते. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने ते बंद केले, तरच हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते. इतके पथ्य ज्या घरी पाळले जाणार नाही, तेथे काळ्या छपाईचा साधा लेझरच शहाणपणाचा. टोनर ही मुळी कोरडी प्लास्टिकची भुकटी असून, ती विजेच्या भाराने कागदावर बसते व सुमारे दोनशे अंशांच्या उष्णतेने वितळून चिकटते; जी वस्तू ओली नाही, ती वाळणार तरी कशी? पान महाग पडले, तरी वर्षाकाठी शंभर पानांत त्या महागाईचा भार किती असणार! मात्र त्या उष्णतेपायी लेझर छापताना काही शे वॅट वीज ओढतो, सबब तो घरच्या लहान इन्व्हर्टरवर लावू नये. शहराच्या पूर्व भागात, जेथे घरालगतच माग चालतात, तेथे सुताचे तंतू कागद ओढणाऱ्या रबरी रुळांवर बसतात. ‘कागद घेत नाही’ म्हणून मोडीत निघालेली कित्येक यंत्रे ओलसर फडक्याने रूळ पुसताच चालू लागतात. नवे घेण्यापूर्वी जुन्यावर एवढा प्रयोग अवश्य करावा.

डीपीआयचा, म्हणजे इंचामागे ठिपक्यांचा, आकडा जितका मोठा तितकी छपाई सुबक, हे चादरीचा कस केवळ उभ्या-आडव्या धाग्यांच्या संख्येवरून ठरवण्यासारखे आहे. सूत कसले आणि रंग किती पक्का, हे आमच्या गावात कोणी विचारल्याविना राहत नाही. मजकुरासाठी ६०० पुरेत.

मराठी वाचकाला विशेष जाचणारा समज म्हणजे ‘हा प्रिंटर मराठी छापत नाही’. प्रिंटरला भाषा नसते. संगणक अक्षरांचे चित्र तयार करून देतो आणि यंत्र त्याचे ठिपके उमटवते. घोटाळा होतो तो फॉन्टचा. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत लिहिलेली फाईल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे उघडली, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते, आणि जे दिसते तेच छापले जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले असूनही कित्येक कचेऱ्यांच्या व छापखान्यांच्या दप्तरात ते जुने फॉन्ट अद्याप नांदत आहेत. फाईल मूळ संगणकावरच पीडीएफ करून घेतली, की फॉन्ट तिच्यासोबत जातो आणि प्रश्न मिटतो. यंत्राचा दोष खरा दिसतो तो ‘ड्राफ्ट’ छपाईत. शाई वाचवण्यासाठी ठिपके गाळले, की बारीक अक्षरांतील अनुस्वार आणि रफार पहिल्यांदा फिकट होतात. दाखले-अर्जांसाठी ती काटकसर नको.

दस्तऐवजांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. बहुतेक ए-४ यंत्रे लीगल आकाराचा कागद छापतात, म्हणून ती तो स्कॅनही करतील, असे गृहीत धरले जाते. पण स्कॅनरची काच ए-४ एवढीच असते, आणि जुन्या खरेदीखताची शेवटची चार बोटे, म्हणजे बहुधा सह्यांचीच जागा, बाहेर राहते. तसेच डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा छापण्यास रंगाची गरज नाही. इंकजेटने छापलेल्या कागदावर पाणी सांडणार असेल, तर काळी शाई ‘पिगमेंट’ आहे की ‘डाय’, हे विचारून घ्यावे. दुसरी लगेच फुटते. आणि वाय-फाय प्रिंटरला इंटरनेट लागते, हेही खरे नव्हे. घरातील राउटर किंवा वाय-फाय डायरेक्ट पुरते.

व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर अजून खरखरणाऱ्या डॉट मॅट्रिक्स यंत्राला मात्र हसू नये. कार्बन लावून बिलाच्या तीन प्रती एका दमात काढावयाच्या, तर कागदावर आघात करणारी सुईच हवी. लेझर आणि इंकजेट दोघेही तेथे निरुपयोगी.

राहिला जुन्या यंत्राचा प्रश्न. ते भंगारवाल्याला देण्याचा आपला प्रघात आहे. परंतु १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजे यांचा समावेश असून, ती अधिकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावीत अशी तजवीज आहे, आणि त्याची जबाबदारी उत्पादकावर असल्याने कंपनीच्या सेवाकेंद्रात चौकशी करावी. यंत्र हातचे सोडण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमधून रिसेट करून घरच्या वाय-फायचा पासवर्ड पुसावा. आणि ते टाकीचे असेल, तर रिक्षातून नेताना आडवे करू नये, नाहीतर उरलेली शाई सीटवर सांडेल.