एरियलला तांबंच कशाला?

नांदगावच्या फलाटावर उभं राहून वर पाहिलं की रुळांच्या डोक्यावरून गेलेली जाड तार दिसते. इंजिनाचा पेंटोग्राफ जिला घासत जातो ती ही तार तांब्याची, १०७ चौरस मिलिमीटर छेदाची, आणि तिच्यावर २५ हजार व्होल्टचा दाब. स्टेशनातून गावात शिरलं की खांबांवरच्या तारा ॲल्युमिनियमच्या, बहुतेक आत पोलादाचा गाभा असलेल्या. घरात मीटरच्या पुढे पुन्हा तांबं. वीज म्हणजे तांबं, नाहीच परवडलं तर ॲल्युमिनियम, आणि लोखंडाला हात लावायचा नाही, ही समजूत या रोजच्या तारांनीच आपल्या मनात पक्की केली आहे. म्हणून घरच्या घरी रेडिओची एरियल करायला बसलेला माणूस आधी तांब्याची तार शोधायला निघतो, भाव ऐकतो आणि बेत सोडून देतो. माझं म्हणणं असं की हा शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. ऐकण्याच्या एरियलचं यश तिची लांबी, तिची उंची आणि तिचे जोड ठरवतात. धातूचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तो लागतो तेव्हाही प्रश्न वीज किती चांगली वाहते हा नसतो. ही तार हवेत, उन्हात, पावसात किती वर्षं टिकेल, हा असतो.

हा प्रश्न नांदगावसारख्या गावालाच जास्त का पडतो, तेही पाहायला हवं. आकाशवाणी नाशिकचं १०१.४ मेगाहर्ट्झचं केंद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगर त्याहून थोडं जवळ, जळगाव त्याहून लांब. एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. मनोरा शंभर मीटर उंच धरला तर सपाट मुलखात त्याची ‘नजर’ एक्केचाळीस किलोमीटरपर्यंत पोहोचते. तीन मजली घराच्या गच्चीवरची एरियल तिच्या बाजूने आणखी बारा किलोमीटर पुढे पाहते. दोन्ही मिळून त्रेपन्न. त्याच्या पुढे जे येतं ते क्षितिजावरून वाकून, डोंगरकडांना घासून आलेलं, क्षीण. नाशिक शहरात ट्रान्झिस्टरची दांडी निम्मी बाहेर काढली तरी जे केंद्र खणखणीत लागतं, तेच इथे खरखरीत अडकतं. अशा कडेच्या गावांत एरियल चांगली की वाईट, याचा फरक कानाला कळतो.

आता धातूचा हिशेब. तांबं विजेला सगळ्यात कमी अडवतं असं नाही, चांदी त्याच्याही पुढे आहे. पण वापरातल्या धातूंत तांबं पहिलं. ॲल्युमिनियमचा रोध त्याच्या दीडपट-पावणेदोनपट, पितळेचा साधारण चौपट, आणि स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलचा चाळीसपटीहून जास्त. हे आकडे वाचून स्टीलची तार लगेच बाजूला टाकावीशी वाटते. पण हे आकडे धातूच्या आख्ख्या छेदातून वाहणाऱ्या विजेचे आहेत. रेल्वेच्या तारेत वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि तांब्यात नऊ मिलिमीटर खोलवर शिरते, म्हणजे सगळी तार कामाला लागते. एफएमच्या लहरी करतात सेकंदाला दहा कोटी आवर्तनं. त्या वेगाला विद्युतप्रवाह धातूच्या आत शिरतच नाही, पृष्ठभागाला चिकटून राहतो. तांब्यात हा थर सुमारे साडेसहा मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. आतलं सगळं तांबं नुसतं वजन म्हणून लटकत असतं.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. डिश टीव्हीच्या किंवा केबलच्या काळ्या वायरचा टाकाऊ तुकडा घ्या, टोकाशी सोला आणि मधल्या लालसर तारेला चुंबक लावा. पुष्कळ वायरींत ती तार चुंबकाला चिकटते. वरून तांबं, आत पोलाद. बनवणाऱ्यांनी यात काही फसवणूक केलेली नाही. तिथून जाणाऱ्या लहरींना वरच्या सालीपलीकडे काही लागतच नाही, आणि पोलादाच्या गाभ्यामुळे तार ताण सोसते.

मग एरियलमध्ये प्रत्यक्ष किती वाया जातं? साधी द्विध्रुव एरियल, म्हणजे मधोमध तुटलेली आणि दोन्ही हात पसरलेली तार, लहरींशी देवाणघेवाण करताना सुमारे ७३ ओहमचा भार असल्यासारखी वागते. धातूचा स्वतःचा रोध या ७३ च्या तुलनेत किती, एवढंच बघायचं. १०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, दोन मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी हिशेब मांडला तर तांब्यात तो येतो एका ओहमच्या तीन दशांशाएवढा, ॲल्युमिनियममध्ये चार दशांशाच्या आत, आणि स्टेनलेस स्टीलमध्ये दोन ओहमच्या आत. म्हणजे तांब्याच्या एरियलमध्ये शेकडा अर्ध्याहून कमी शक्ती उष्णतेत जाते आणि स्टेनलेस स्टीलच्या एरियलमध्ये शेकडा अडीच. शेगडीच्या कॉइलची निक्रोमची तार मुद्दाम तापण्यासाठीच बनवलेली असते. ती अर्ध्या मिलिमीटर जाडीची घेतली तरी तोटा शेकडा अकराच्या आसपास राहतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळेल. याउलट, क्षितिजापलीकडच्या क्षीण लहरींसाठी ढोबळ नियम असा की एरियलची उंची दुप्पट केली की मिळणारी शक्ती चौपटीच्या घरात जाऊ शकते. एकीकडे शेकडा दोन, दुसरीकडे चौपट. तांब्याला घालायचे पैसे एका लांब बांबूला घातलेले बरे, असं मी म्हणतो ते या आकड्यांच्या जोरावर.

स्टील चालतं याचं मोठं उदाहरण पाहा. नारायणगावजवळच्या खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचा अतिक्षीण आवाज टिपणाऱ्या या तबकड्यांचा पृष्ठभाग तांब्याचा नाही, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचाही नाही. तो आहे जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, दोऱ्यांसारख्या ताणलेल्या स्टीलच्या तारांवर बांधलेली. भोकं दहा ते वीस मिलिमीटरची. हायड्रोजनच्या एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला ती दिसतही नाहीत, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. तिथे स्टील निवडलं ते गंज, वारा आणि वजन यांचा विचार करून. स्वरूप यांच्या गटाने त्याआधी, १९६५च्या सुमारास, कल्याणला जी दुर्बीण मांडली तिच्या बत्तीस लहान तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, भेट मिळालेल्या होत्या. हाताशी आहे त्यातून काम साधण्याची परंपरा या शास्त्राला परकी नाही, आणि ती नांदगावच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर रुजली आहे.

आता जाणकार माणूस हरकत घेईल: हौशी रेडिओवाले तांब्याचाच आग्रह का धरतात? त्यांची हरकत काही ठिकाणी खरी आहे. तार तरंगलांबीच्या मानाने फारच आखूड असेल, किंवा एरियल म्हणजे लहानसं वेटोळं असेल, तर ७३ ओहमची जागा एका ओहमचा अंश घेतो आणि मग धातूचा प्रत्येक कण मोजावा लागतो. तिथे जाड तांब्याची नळीच हवी. ट्रान्झिस्टरच्या आत मध्यम लहरींसाठी फेराइटच्या कांडीवर जी गुंडाळी असते तीही तांब्याचीच हवी. प्रक्षेपण करणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो शेकडो वॉट सोडतो तेव्हा शेकडा दोनचाही विचार करतो. साधं लोखंड मात्र खरोखर वाईट. बांधकामाची काळी बाइंडिंग तार नुसती रोध जास्त म्हणून वाईट नाही; लोखंड चुंबकीय असल्यामुळे प्रवाह आणखीच पातळ सालीत कोंबला जातो, आणि त्या सालीवर गंज चढतो. पण हीच लोखंडी तार जस्त चढवलेली असेल तर गोष्ट बदलते. एफएमच्या वारंवारतेला जस्तात प्रवाह बारा मायक्रॉनपर्यंतच जातो; चांगलं जस्त चढलेल्या तारेत तो लोखंडापर्यंत फारसा पोहोचतच नाही. कपडे वाळत घालायची किंवा टोमॅटोच्या मांडवाची जीआय तार म्हणूनच चालते, जस्त शाबूत असेपर्यंत.

लांबीची चूक मात्र कुठलाच धातू भरून काढत नाही. सूत्र सोपं आहे: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, अर्ध्या लहरीच्या एरियलची लांबी मीटरमध्ये मिळते. नाशिकच्या १०१.४ साठी ती येते १ मीटर ४१ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक हात सुमारे ७० सेंटिमीटर, दोन फूट चार इंच. इतकी लहान गोष्ट आहे ही. खिडकीतून दहा मीटर तार बाहेर सोडणारा माणूस एफएमला मदत करत नाही, उलट भलत्याच दिशांकडे कान लावतो. लहर लांब झाली की एरियलही लांबते. १९४२च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. त्या लहरीची अर्ध्या लांबीची तार वीस मीटरची होते. जळगावच्या ९६३ किलोहर्ट्झला तर लहरच तीनशे मीटरहून लांब. तिथे मिळेल तेवढी लांब तार ताणावी, धातूकडे बघूही नये. कारण मध्यम लहरींवर खरा शत्रू असतो हवेतला गोंगाट, दूरच्या विजा, शेजारचा एलईडी दिवा, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर. तो गोंगाट तांब्याच्या तारेतून आणखी छान ऐकू येतो, इतकंच.

नांदगावच्या बाजारात आणि भंगारात मग काय घ्यावं? जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अजून गच्च्यांवर पडून आहेत. त्या सर्वांत उत्तम, हलक्या आणि न गंजणाऱ्या. मोटर भरून देणाऱ्या दुकानात जळालेल्या गुंडाळीची तांब्याची तार निघते. तिच्यावरचं वॉर्निश फक्त जोडाच्या जागी खरवडावं. घराच्या फिटिंगची उरलेली वायर असेल तर तिचं प्लॅस्टिक सोलत बसू नये. लहरींना प्लॅस्टिक आड येत नाही, फक्त लांबी शेकडा दोन-तीनने कमी ठेवावी. छत्रीच्या काड्या, सायकलचे स्पोक, मोजमापाची पोलादी टेप, सगळं चालतं. टेपवरचा पिवळा रंग जोडाजवळ पॉलिश पेपरने काढला म्हणजे झालं. फायबरच्या काड्यांची छत्री मात्र उपयोगाची नाही. दोन हात एकमेकांपासून वेगळे ठेवायला लाकूड नको, पावसात भिजलं की ते गळतं. त्याऐवजी ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा घ्यावा. ती पॉलिथिनची असते, आणि केबलच्या आत मधली तार वेगळी ठेवायलाही पॉलिथिनच वापरतात. खाली उतरणारी वायर टीव्हीचीच ७५ ओहमची घ्यावी, ७३ शी तिचा मेळ आपोआप बसतो.

एवढं सगळं जमूनही एरियल वर्षभरात मरते ती जोडावर. ॲल्युमिनियमच्या नळीला तांब्याची वायर नुसती पिळून बांधली की पहिले काही महिने आवाज सुरेख येतो. मग पाऊस पडतो, दोन धातूंमध्ये पाण्याचा थेंब अडकतो आणि तिथे एक बारीकशी बॅटरी तयार होते. तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. पीळ सोडवून पाहिला तर आत पांढरी, रव्यासारखी भुकटी दिसते. नळी तिथे खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते आणि भुकटी वीज वाहू देत नाही. ॲल्युमिनियमला साध्या कथलाने डाग देता येत नाही, त्याच्या अंगावरचा ऑक्साइड कथिल धरू देत नाही. म्हणून नळीला भोक पाडून स्टेनलेसचा नट-बोल्ट घालावा, वायरच्या टोकाला कथिल चढवलेला लग बसवावा, मध्ये दातेरी वॉशर घालावा, जागा पॉलिश पेपरने घासून लगेच ग्रीस लावावं आणि वरून रबरी टेप घट्ट गुंडाळावी. इथला कोरडा मुलूख या बाबतीत दयाळू आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत हाच जोड फार लवकर जातो.

कुणी विचारेल, मोबाइलवर सगळी केंद्रं ऐकू येत असताना हा खटाटोप कशासाठी? मोबाइलचा टॉवर वीज गेली की बॅटरीवर काही तास तगतो, आणि वळवाच्या वादळात नेमकी तीच वेळ येते. दोन सेलचा ट्रान्झिस्टर त्या रात्री नाशिककडून बातमी ऐकवतो. कडेच्या गावातल्या माणसाला ती स्पष्ट ऐकू यावी, ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही.

नाशिक इथून पश्चिमेला, जरासं दक्षिणेकडे आहे. द्विध्रुव एरियल आपल्या बाजूंना ऐकते, टोकांकडे बहिरी असते. तेव्हा तार साधारण उत्तर-दक्षिण ताणावी आणि मग थोडी थोडी फिरवून कानाने जागा पक्की करावी. बांबू उभा करण्याआधी तो आडवा पडला तर कुठवर पोहोचेल ते जमिनीवर मोजावं. त्या वर्तुळात खांबावरची वीजवाहिनी किंवा रुळांवरची तार येत असेल तर जागा बदलावी, कारण २५ हजार व्होल्टला शिवायचीही गरज लागत नाही. मेमध्ये ढग भरून आले की वायर रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवावी. आणि पहिला पाऊस पडून उघडीप झाली की एरियल एकदा खाली घेऊन, टेप सोडून, जोड पाहावा.