नवा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर शिकवू शकतो, पण सोलोला सोडू शकत नाही. असं का?

गेल्या महिन्यात धर्मापुरीला घरी गेलो होतो. माझा मावसभाऊ पायलटचं ट्रेनिंग घेतोय, त्यामुळे गप्पा विमानांच्याच. भाजी निवडता निवडता मावशीनं विचारलं, "अरे, त्याला शिकवणारा मास्तर म्हणं तेवीस वर्षांचाच हाय. त्याच्यावर कुणी हाय का न्हाई बघायला?"

सगळे हसले. मला मात्र प्रश्न अगदी बरोबर वाटला. आमच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा नव्या माणसाचा कोड सीनियरनं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. मग विमानात काय करतात? नियम वाचले, भावाला प्रश्न विचारून पिडलं. जे कळलं ते इथे सोप्या भाषेत सांगतो.

इन्स्ट्रक्टर एवढा तरुण कसा?

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान वय १८ आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. लायसन्स मिळालं की लगेच एअरलाइनची नोकरी मिळतेच असं नाही. मग काही जण इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेतात. शिकवता शिकवता स्वतःचे तासही वाढतात. म्हणून बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाचा इन्स्ट्रक्टर दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतःच विद्यार्थी असू शकतो.

यात वाईट काही नाही. आपण कुठे अडलो होतो हे त्याला ताजं आठवत असतं. पण त्यानं आजवर जवळून पाहिलेला विद्यार्थी एकच असतो, तो स्वतः.

नियम काय म्हणतो?

आपल्याकडे विमान वाहतुकीवर डीजीसीएचं नियंत्रण असतं. इन्स्ट्रक्टरच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, दुसरी फ्लाइट इन्स्ट्रक्टर. संस्थेत या सगळ्यांच्या वर चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर असतो.

असिस्टंट विद्यार्थ्याला घेऊन उडू शकतो, शिकवू शकतो, पण वरच्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याला सोडायचं, म्हणजे पहिल्या सोलोचा निर्णय, त्याच्या हातात नसतो.

युरोपातही असंच आहे. नव्या इन्स्ट्रक्टरवरचं बंधन उठायला विमानावर किमान १०० तास शिकवलेलं असावं लागतं आणि विद्यार्थ्यांच्या किमान २५ सोलो उड्डाणांवर देखरेख केलेली असावी लागते. ऑस्ट्रेलियात नवा माणूस ग्रेड ३ पासून सुरू करतो, तोही वरिष्ठाच्या थेट देखरेखीखाली.

सोलोवरच एवढा भर का?

सेस्ना १५२ हे दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान घ्या. जास्तीत जास्त वजनासह ते साधारण ७५७ किलो भरतं. त्यातून ७५ किलोचा इन्स्ट्रक्टर उतरला की वजन जवळजवळ दहा टक्क्यांनी घटतं. विमान लवकर उचलतं, भराभर वर चढतं आणि उतरताना धावपट्टीवर जास्त वेळ तरंगतं. सवयीपेक्षा वेगळं वागणारं विमान, आणि शेजारची सीट रिकामी.

तरी वजनाबद्दल आधी सांगून ठेवता येतं. अवघड आहे ते विद्यार्थ्याला ओळखणं. सलग पाच लँडिंग चांगली झाली, पण ती त्याची होती की इन्स्ट्रक्टर नकळत कंट्रोलवर हात ठेवून मदत करत होता? नव्या इन्स्ट्रक्टरच्या दोन चुका नेहमी सांगतात: हात लवकर घालणं किंवा फार उशिरा घालणं. पहिल्या चुकीत विद्यार्थी शिकत नाही आणि शिकलाय असा भास मात्र होतो. म्हणून सोलोआधी दुसऱ्या, अनुभवी माणसानं शेजारी बसून पाहणं महत्त्वाचं.

देखरेख म्हणजे नेमकं काय?

दोन सीटच्या विमानात तिसरा माणूस बसत नाही. त्यामुळे देखरेख जमिनीवरून होते: उड्डाणाआधीचं ब्रीफिंग ऐकणं, ट्रेनिंग रेकॉर्डमधले शेरे वाचणं, मध्येमध्ये त्या विद्यार्थ्याबरोबर स्वतः उडून पाहणं आणि हवा बिघडत असेल तर "आज नको" म्हणणं.

खरी गोम इथेच आहे. मी स्वतः एकदा शुक्रवारी संध्याकाळी घाईत ज्युनियरचा कोड नीट न वाचता 'अप्रूव्ह' दाबलंय. सोमवारी ग्राहकांना एकच मेसेज दोन-दोनदा गेला. आम्ही जुनी आवृत्ती परत चढवली, विषय संपला. विमानात मागे घ्यायचं बटण नाही. रेकॉर्डवर वरिष्ठाची सही आहे आणि वरिष्ठानं विद्यार्थ्याला उडताना पाहिलेलंच नाही, तर नियम कागदावर पाळला गेला, एवढंच.

घरच्यांनी काय विचारावं?

मुलाला ट्रेनिंगला पाठवताना विमानं किती, फी किती, हे आपण विचारतोच. सोबत एवढंही विचारा:

– याचा इन्स्ट्रक्टर असिस्टंट असेल तर त्याच्यावर देखरेख कोण करतं?
– ती व्यक्ती उड्डाणांच्या वेळी विमानतळावर असते का?
– एका वरिष्ठाकडे किती असिस्टंट आहेत?
– सोलोआधी वेगळा इन्स्ट्रक्टर तपासणीचं उड्डाण करतो का?
– "अजून तयार नाही" असं विद्यार्थ्याला सांगतात, की तास भरले की सोडतात?

शेवटचा प्रश्न मुलालाही विचारा. कारण "मला अजून एक फेरी सरांबरोबर मारायचीय" असं म्हणायची त्याला लाज वाटत असेल, तर घरच्यांनीच सांगायला हवं की त्यात कमीपणा नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या पोराला प्रत्येक तासाचे पैसे दिसत असतात.

मावशीला मी एवढंच सांगितलं, "मास्तरावर मास्तर असतोच, तसा नियमच आहे. पण तो रोज तिथं असतो का, हे तूच त्याला विचार."

तिनं लगेच हात पुसले आणि फोन लावला.