पाच अधिक तीन, त्रेपन्न

नववी-दहावीच्या मुलांना पायथन शिकवताना खरी अडचण इंग्रजीची नसते, बरोबरच्या चिन्हाची असते. गणितात ‘क्ष = क्ष + १’ हे धडधडीत खोटं. प्रोग्रॅममध्ये मात्र त्याचा अर्थ, क्षची आताची किंमत घे, एक मिळव आणि पुन्हा क्षमध्येच ठेव.

मग दोन आकडे विचारून बेरीज सांगणारा प्रोग्रॅम. पाच आणि तीन दिले की पडद्यावर ५३! पायथन ३ मधलं ‘इनपुट’ जे टाइप कराल ते मजकूर म्हणूनच घेतं, आणि मजकुरांची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी चिकटवणं. ‘इंट’ लावून पूर्णांक केला की ८ येतात. हे आधीच सांगून टाकू नये. वर्गाला आधी ५३ पाहू द्यावेत.

मला विचाराल तर सुरुवात चित्रांनीच करावी. १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. तिचं पडद्यावर रेघा ओढत चालणारं कासव आज पायथनमध्येही आहे. समभुज त्रिकोणासाठी मुलं ६० अंश वळवतात आणि आकृती फसते, कारण कासव बाहेरच्या कोनातून वळतं: १२० अंश. शिक्षकांनो, व्याख्या उतरवून देण्याआधी एक तास हे कासव चालवू द्या.