माळरानासाठी दुर्बीण : रूढ समज आणि वस्तुस्थिती

समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर गोदावरीच्या खोऱ्यात आहे. उसाच्या फडांची दाट हिरवाई मागे टाकून कोरडवाहू शिवारात, गायरानात किंवा मुरमाड माळावर पाऊल ठेवले, की एखाददुसऱ्या बाभळीवाचून दृष्टीला अडवणारे काही उरत नाही, आणि मराठवाड्याच्या या भूमीचे विस्तीर्ण, उघडे स्वरूप ध्यानात येते. मराठवाड्याच्या अशा मुलखात काळवीट, चिंकारा, खोकड, क्वचित लांडगा, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्यांसारखे शिकारी पक्षी वावरतात. परंतु जिथे पाहणाऱ्याला आडोसा नाही तिथे पाहिल्या जाणाऱ्यालाही तो नसतो, आणि त्या प्राण्याने आपल्याला पाहिल्यावर आपण त्याला पाहणे म्हणजे केवळ त्याची पाठ पाहणे होय. म्हणून या मुलखात डोळ्यांच्या खालोखाल महत्त्वाचे साधन दुर्बीण हेच आहे. आणि नेमक्या त्याच जिनसेविषयी बाजारात, पारावर आणि सुशिक्षितांच्या बैठकीतही जितके गैरसमज चालतात तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी चालत असतील.

पहिला समज असा की, उत्तम प्रतीची दुर्बीण हे शिकाऱ्याचे उपकरण असून, शिकारीला मनाई असलेल्या आपल्या देशात तिचा उपयोग तो काय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच संपुष्टात आली, आणि काळवीट तर अनुसूची १ मधील प्राणी असल्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. एवढे सर्व खरे आहे. परंतु अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या प्रदेशात म्यूल डियर किंवा प्राँगहॉर्न शोधणारा शिकारी सकाळचे कित्येक तास एका टेकाडावर बसून, दुर्बीण तिपाईवर चढवून, समोरचा मुलूख तसूतसूने न्याहाळतो, आणि बंदूक उचलण्यापूर्वीचे त्याचे हे सारे काम आपल्याकडच्या निरीक्षकाच्या कामाहून तिळमात्र निराळे नाही. पहाटेचा मंद उजेड, लांबचे अंतर, धूळ, तासन्तास डोळ्यांवर येणारा ताण, या ज्या अडचणींसाठी तिकडची उंची दुर्बीण घडवली गेली, त्या सर्व आपल्या माळावरही जशाच्या तशा आहेत. किंबहुना सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले त्या माळढोकाची आजची दुर्मीळ अवस्था पाहता, दुरून पाहून दुरूनच परतण्याची मुभा देणारे साधन शिकाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक निकडीचे आहे. साध्या दुर्बिणीला सरकारी परवाना लागतो, ही समजूतही निराधार आहे. संरक्षित लष्करी ठिकाणांच्या आसपास तिचा वापर करू नये, हे मात्र सांगावयास नको.

दुकानात शिरताच विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘ही किती किलोमीटरपर्यंत दाखवते?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दुर्बिणीला अंतराची मर्यादा नसते. उघड्या डोळ्यांना सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र दिसतोच. दुर्बीण वस्तूचा भासमान आकार वाढवते एवढेच, आणि तो किती वाढवते ते तिच्यावर कोरलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला सांगतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. ८ × ४२ म्हणजे आठपट आणि ४२ मिलिमीटर. ८०० मीटरवर उभा असलेला काळवीट आठपटीच्या दुर्बिणीतून १०० मीटरवर असल्यासारखा भासतो, दहापटीच्या दुर्बिणीतून ८० मीटरवर असल्यासारखा. यावरून लागलीच असा निष्कर्ष काढला जातो की, पट जितकी अधिक तितकी दुर्बीण श्रेष्ठ. आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच होय.

पट वाढली की तिच्याबरोबर आणखी तीन गोष्टी वाढतात अथवा घटतात, आणि त्यांचा हिशेब दुकानदार सहसा मांडत नाही. हाताचा कंप तितक्याच पटीने वाढतो; दहापटीच्या पुढे, हातात धरलेल्या दुर्बिणीतून, बहुतेकांना तपशील अधिक दिसण्याऐवजी केवळ अधिक हलताना दिसतो, आणि म्हणूनच १५ × ५६ सारखी जड दुर्बीण वापरणारा अमेरिकन शिकारी ती तिपाईवाचून वापरत नाही. दुसरे, दृष्टिक्षेत्र आकसते : चांगल्या ८ × ४२ मधून १,००० मीटरवर सुमारे १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर बहुतेक १० × ४२ मधून सुमारे ११० ते ११५ मीटरचा, आणि धावत्या कळपात नर नेमका कोठे गेला हे शोधताना हे वीस-पंचवीस मीटर फार मोलाचे ठरतात. तिसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याशी निगडित आहे. चैत्र-वैशाखात काळी जमीन आणि कातळ तापून वरच्या हवेचे थर जे नाचू लागतात, ज्यातून मृगजळ उद्भवते, त्या थरांना भिंगाची किंमत ठाऊक नसते. दोन लाखांच्या दुर्बिणीतही दुपारी बाराचा काळवीट पाण्यात बुडालेल्या काठीसारखा वेडावाकडा दिसतो, आणि पट अधिक असली तर ते वेडेवाकडेपण अधिक मोठे दिसते. याला उपाय एकच : उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा दिवस कलल्यावर पाहावे.

याच जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईचा दाखला येथे मला महत्त्वाचा वाटतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा नदी ओलांडण्यास तेथे उतार नाही असे वाटाडे खात्रीने सांगत असता, ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने आपल्या दुर्बिणीतून पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पाहिली, आणि इतकी लगत असलेली दोन गावे येण्याजाण्याची वाट असल्यावाचून वसणार नाहीत असे अनुमान करून सैन्य तिकडे वळवले. उतार सापडला. त्याच्या हातातील नळी आजच्या कोणत्याही मध्यम दुर्बिणीपुढे अगदीच सामान्य होती. तिने काय दाखवले याहून, आसपासच्या भूमीच्या संदर्भात ते कसे दिसले, हे निर्णायक ठरले. विस्तृत क्षेत्र देणाऱ्या बेताच्या पटीचा माझा आग्रह आहे तो याचसाठी. प्राण्यासोबत त्याच्या भोवतीचा माळही दिसला पाहिजे.

आता प्रकाशाकडे वळू, कारण दुर्बिणीची खरी किंमत प्रकाशाच्या हिशेबात आहे. दुर्बीण हातभर दूर धरून आकाशाकडे रोखली असता डोळ्यांकडच्या भिंगांत दोन तेजस्वी वर्तुळे दिसतात. त्यांचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट : ८ × ४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर, १० × ४२ मध्ये ४.२. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचित होत असल्याने दुपारी लहान दुर्बीण आणि मोठी दुर्बीण सारखीच उजळ भासते, आणि दुकानातील दिव्यांच्या लखलखाटात केलेली परीक्षा त्यामुळेच व्यर्थ ठरते. परंतु सांजवेळी बाहुली विस्तारते तेव्हा ही वर्तुळे लहान असतील तर चित्र मंद पडते. तरुणाची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडू शकते, वयपरत्वे ती पाचच्या आसपास थांबते. तेव्हा साठीच्या गृहस्थाने सात मिलिमीटरचे वर्तुळ देणारी, किलोहून जड ८ × ५६ दुर्बीण गळ्यात वागवणे म्हणजे ज्याचा उपभोग घेता येत नाही असे ओझे वागवणे होय. याच वर्तुळांकडे पाहून आणखी एक पडताळा घेता येतो : ती स्वच्छ गोल असावीत. जुन्या पद्धतीच्या, बाहेरून खांद्यासारख्या वाकलेल्या दुर्बिणीत ती कडांना राखी होऊन चौकोनाकडे झुकलेली दिसली, तर आत हलक्या काचेचे लोलक आहेत असे खुशाल समजावे. यात्रेत आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ‘३० × ६०’ छापाच्या चिमुकल्या दुर्बिणींना तर मोजपट्टी लावली तरी पुरे. साठ मिलिमीटरचे भिंग तेथे असतच नाही.

त्याच बाजारात तांबड्या भिंगाची दुर्बीण ‘रात्रीची’ म्हणून खपवली जाते. जे भिंग तांबडे चमकते ते तांबडा प्रकाश परतवून लावते. डोळ्यापर्यंत पोचते ते हिरवट-निळसर, मंद चित्र. कोणतीही काचेची दुर्बीण पसरट दृश्याचा उजेड मूळ दृश्याहून वाढवू शकत नाही, फार तर तो कमी गमावते; आणि कमी गमावणे हीच सगळी कला आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहापेक्षा अधिक असतात, आणि दहाच धरले तरी तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच लोपतो. झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली परावर्तनरोधक लेप शोधून काढला तेव्हा या गळतीला प्रथम बांध बसला. आज प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थरांचा लेप देऊन हे नुकसान अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात. म्हणून खोक्यावर ‘कोटेड’ एवढेच नमूद असेल तर ते अपुरे समजावे. ‘फुली मल्टिकोटेड’ असल्याची खातरजमा करावी.

सरळ नळ्यांच्या आधुनिक दुर्बिणीत आणखी एक अदृश्य दोष जन्मजात असतो. तिच्या आतील छपरासारख्या लोलकावर प्रकाशाचे दोन भाग होऊन ते पुन्हा एकत्र येताना त्यांची लय किंचित बिघडते, आणि सूक्ष्म तपशील धुरकट होतो. १९८८ साली झाइसने यावर फेज-लेप आणला. तो नसलेली सरळ नळीची दुर्बीण, दिसायला कितीही सुबक असली तरी, माझ्या दृष्टीने घेण्याजोगी नाही. शिवाय अशा बहुतेक दुर्बिणींत एका लोलक-पृष्ठावर आरशाचा थर द्यावा लागतो. तो अॅल्युमिनियमचा असेल तर साधारण दहावा भाग प्रकाश खातो, डायइलेक्ट्रिक असेल तर ९९ टक्क्यांहून अधिक परत देतो.

मग लाखांच्या दुर्बिणी व्यर्थ आहेत काय? तसे म्हणणे हाही गैरसमजच. ऑस्ट्रियातील आब्साम येथील स्वारोव्हस्की, किंवा जर्मनीतील झाइस आणि लायका, यांच्या दोन लाखांच्या पुढच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती क्षेत्राची विशालता. २०२० साली आलेल्या स्वारोव्हस्कीच्या एनएल प्युअर ८ × ४२ मधून १,००० मीटरवर १५९ मीटर दिसतात, आणि तेही कडेपर्यंत जवळजवळ सारखेच रेखीव. टेकाडाच्या शिरावर, उजळ आकाशापुढे, काळविटाची पीळदार शिंगे दिसतात तेव्हा सामान्य भिंगात त्यांच्या कडेला जांभळी वा हिरवी झालर उमटते. कमी अपस्करण करणाऱ्या ईडी काचेत ती जवळपास नाहीशी होते. भोवत्यांच्या दोन जातींच्या माद्या परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, त्यांच्या मुखावरील आणि मानेवरील फिक्या-गडद खुणा खऱ्या रंगात दिसल्या नाहीत तर ओळख पटत नाही. तेथेही या काचेचे मोल कळते. परंतु प्रकाशाच्या बाबतीत, तीस-चाळीस हजारांची चांगली दुर्बीण आणि ही सम्राज्ञी यांच्यात जे काही थोड्या टक्क्यांचे अंतर राहते, ते डोळ्याला क्वचितच जाणवते. पाच हजारांवरून तीस हजारांवर जाताना दृष्टीच पालटते. तीस हजारांवरून तीन लाखांवर जाताना सुख वाढते. ज्याची ऐपत आहे आणि जो महिन्यातले पुष्कळसे दिवस माळावर काढतो त्याने ते सुख जरूर घ्यावे. कर्ज काढून कोणी घेऊ नये.

चष्मा असलेल्यांना दुर्बीण वापरता येत नाही, असेही म्हटले जाते. डोळ्यापासून भिंग सुमारे १६ मिलिमीटर वा अधिक दूर ठेवूनही पूर्ण चित्र देणारी दुर्बीण घ्यावी, रबरी वाट्या आत दाबाव्यात, आणि चष्म्यासह निःशंक पाहावे. दुर्बिणीने डोळे बिघडतात हेही खरे नाही. पाहून डोके दुखत असेल तर दोन नळ्यांची रेषा जुळलेली नाही, अथवा उजव्या-डाव्या डोळ्यांतील फरकाची चकती लावलेली नाही, असे समजावे. ही चकती लावणे सोपे असून बहुतेक जण ते करीतच नाहीत : उजव्या भिंगावर हात ठेवून, डाव्या डोळ्याने मधल्या चक्राच्या साहाय्याने दूरची पाटी स्पष्ट करावी, मग डावे भिंग झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याने, या वेळी चक्राला स्पर्श न करता, केवळ चकती फिरवून स्पष्ट करावी, आणि ती खूण लक्षात ठेवावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते.

नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, बाहेरून मात्र तिच्यावरही दव बसते. आणि पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. माळाच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, म्हणून उपरण्याने भिंग पुसण्याआधी ती धूळ फुंकून व मऊ कुंचल्याने झाडून टाकावी, एरव्ही हजारो रुपयांचा लेप आपल्याच हाताने खरवडला जातो.

राहता राहिली निवड. अंकुशनगरच्या परिसरात पायी हिंडून पाहणाऱ्यासाठी, सातशे-आठशे ग्रॅमच्या आसपास वजनाची, फुली मल्टिकोटेड, फेज-लेपाची, जलरोधक ८ × ४२ दुर्बीण घ्यावी. एका जागी बसून दूरवर न्याहाळण्याचा ज्याचा परिपाठ आहे त्याने १० × ४२ घ्यावी आणि किमतीतला एक हिस्सा हलक्या तिपाईसाठी राखून ठेवावा. झूमची, तांबड्या भिंगाची, ‘किलोमीटर’ सांगून विकली जाणारी दुर्बीण कोणत्याही किमतीला घेऊ नये. आणि जालन्यास वा छत्रपती संभाजीनगरास खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला विनंती करून, दिवेलागणीच्या वेळी, दुकानाबाहेर उभे राहून, रस्त्याच्या टोकाची पाटी दोन-तीन दुर्बिणींतून वाचून पाहा. जिच्यातून ती शेवटपर्यंत वाचता येईल ती घ्या.