माळ्यावरची जुनी बंदूक रिकामी समजू नका



जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या. दोन्हीकडच्या कवायती पायदळाच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागे. हिला गारगोटी पुरे.

चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पात्यावर आपटे. ठिणग्या खालच्या रंजकाच्या दारूवर पडत आणि जाळ बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जाऊन बार उडे. दारू-गोळी तोंडाकडून गजाने ठासावी लागे. तरबेज शिपाई मिनिटाला ३ बार काढी. पण सुमारे ९० मीटरपलीकडे नेमाचा भरवसा नसे. म्हणून पलटणी खांद्याला खांदा लावून एकदम गोळ्या झाडत.

या बंदुकीचा वैरी म्हणजे ओल. रंजकाची दारू भिजली, गारगोटी झिजली किंवा छिद्र बुजले, तर बार होत नसे आणि नळीतली दारू-गोळी तशीच राही.

धोका येथेच आहे. काळी दारू बियाण्यासारखी जुनी होऊन मरत नाही. कोरडी राहिली तर दोनशे वर्षांनीही एका ठिणगीने पेटू शकते.

तेव्हा वाड्याच्या माळ्यावर अशी ठासणीची बंदूक सापडली, तर ती भरलेलीच आहे असे समजा. चाप ओढून पाहू नका, नळीत डोकावू नका, गंज काढण्यासाठी तापवू किंवा ठोकू नका. मुलाबाळांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा.