वीज गेली तरी गाणे राहील

परवा संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली आणि केसरबाईंची भैरवी अर्ध्यावरच थांबली. अंधारात गप्पा मारताना मी नातीला म्हटले, "हेच गाणे व्हॉयेजर-१ यानातूनही गेले आहे बरे का." ती लगेच म्हणाली, "आजोबा, मग तिथली वीज गेली तर?"

प्रश्न पोरवयाचा, पण नेमका! हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर त्यानंतर अकराच दिवसांनी निवर्तल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर त्यांचे साडेतीन मिनिटांचे गाणे आहे. शिवाय ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीही आहे.

यानाला वीज मिळते ती प्लुटोनियमच्या उष्णतेपासून. ती दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते. म्हणून शास्त्रज्ञ एकेक उपकरण बंद करीत आले आहेत. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये यान अर्थहीन बोलू लागले. संगणकाच्या स्मृतीतली एक चिप बिघडली होती. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच! तरीही पृथ्वीवरच्या मंडळींनी जुनी आज्ञावली तुकड्यातुकड्यांनी शाबूत जागी हलवली आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले.

पण हे किती काळ चालणार? एक दिवस वीज पुरणार नाही आणि यान कायमचे मुके होईल. मला त्याची चुटपुट लागते. घरातले जुने माणूस बोलायचे थांबावे, तशी.

नातीला मात्र मी खरे तेच सांगितले. ती तबकडी यानात वाजत नाही. विजेशी तिचा संबंधच नाही. सोबत सुई आहे आणि ती कशी वाजवायची, याच्या खुणा झाकणावर कोरल्या आहेत. तिथे ना वारा, ना पाऊस. कोट्यवधी वर्षे ती टिकेल. वीज संपल्यावर यानाची खुशाली आपल्याला कळणार नाही, एवढेच. गाणे सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने पुढे जातच राहील.

"पण ते कुणी ऐकेल का?"

"तबकडी पाठवणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. तरी त्यांनी पाठवली."

तेवढ्यात दिवे आले. नात म्हणाली, "आजोबा, पहिल्यापासून लावा."